बिल्ला खिडकीकडे

परवाना कचेरीच्या मागच्या आवारात, लख्ख उजेडात आणि बाकावर बसलेल्या सगळ्या उमेदवारांच्या देखत, क्लचमावशींनी सरळ पट्ट्यावर गाडी चालवताना उजवीकडचे नारिंगी शंकू पाडले. एखाददुसरा नव्हे, ओळच्या ओळ. पहिला पडला तेव्हा त्यांना वाटलं, वाऱ्याने पडला. दुसरा पडला तेव्हा त्या सवयीने "ब्रेक!" म्हणून ओरडल्या, आणि ब्रेक दाबायचा तो आज आपणच, हे ध्यानात येईपर्यंत तिसरा आणि चौथाही बंपरखाली गेले होते. शेजारच्या सीटवर परीक्षा घेणारे साहेब बसले होते. ते हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

"मावशी," ते म्हणाले, "अजूनही आमचीच गाडी वाकडी म्हणाल?"

मावशींच्या तोंडून शब्द फुटेना. असं त्या शहरात आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

बाई कोण हे सांगितल्याशिवाय या प्रसंगाची गंमत कळायची नाही. शहरातली निम्मी माणसं गाडी शिकली ती त्यांच्याकडे. त्यांचं खरं नाव ड्रायव्हिंग क्लासच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण? गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत "क्लच! अगं क्लच! क्लच म्हटलं ना!" असा त्यांचा धोशा चालायचा, म्हणून त्या क्लचमावशी. ज्यांच्यापुढे उभं राहायला इतरांची बोबडी वळते असे डॉक्टर, वकील, मुख्याध्यापक, सगळ्यांना मावशींनी कधी ना कधी "डोळे काय घरी विसरलात?" असं विचारलेलं होतं. आणि लोक ते कॉलर ताठ करून सांगायचे. मावशींचं बोलणं खाऊन जो तयार झाला त्याला कुठल्याही रस्त्यावर सोडा, असा त्यांचा लौकिक होता.

त्यांची ती पांढरी गाडी, दोन्ही बाजूंना क्लच आणि ब्रेक असलेली, तीही तितकीच प्रसिद्ध. तिच्या स्टिअरिंगला मात्र एक खोड होती. गाडी नाकासमोर जात असली की स्टिअरिंग उजवीकडे कललेलं असायचं. मधोमध जो कंपनीचा बिल्ला असतो तो समोर बघायचा सोडून चालवणाऱ्याच्या खिडकीकडे बघत बसायचा. सुरुवातीला मावशींनी गाडी या गॅरेजला दाखवली, त्या गॅरेजला दाखवली. प्रत्येकाने पुढच्या चाकांची अलाइनमेंट करून दिली, प्रत्येकाने "आता बघा, लोण्यासारखी" म्हटलं, आणि गाडी फाटकाबाहेर पडली की बिल्ला पुन्हा खिडकीकडे. शेवटी मावशींनी हात टेकले. पण हात टेकतील तर त्या मावशी कसल्या! ज्या खोडीवर औषध सापडलं नाही तिचा त्यांनी धडाच करून टाकला. नव्या माणसाला पहिल्या दिवशी पहिलं वाक्य शिकवलं जायचं: "बिल्ला खिडकीकडे, की गाडी सरळ!" माणसं ते पाठ करायची, हात तसे वळवायची, आणि गाडी खरोखरच सरळ जायची. तक्रार करायला जागाच नव्हती.

परीक्षाही तेव्हा ज्याच्या त्याच्या क्लासच्या गाडीवर होत असे, म्हणून वर्षानुवर्षं हे बिंग झाकून राहिलं. मग कचेरीने नियम बदलला. परीक्षेला कचेरीची स्वतःची गाडी आली, कोरी करकरीत, आणि मावशींचे विद्यार्थी पटापट नापास व्हायला लागले. आधी बेकरीवाल्याची बायको, मग एक निवृत्त पोस्टमास्तर, मग एक दंतवैद्य. तिघांनीही त्याच सरळ पट्ट्यावर, त्याच उजव्या बाजूचे शंकू पाडले. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कचेरीची गाडीच वाकडी आहे, दुसरं काय! त्या तडक साहेबांकडे भांडायला गेल्या. साहेब बोलायला मऊ. ते म्हणाले, "मावशी, मग तुम्हीच चालवून बघा ना." पुढचं आपण पाहिलंच.

हा नुसता पाणउतारा असता तरी मावशींनी तो पचवला असता. पण दुसऱ्या दिवशी त्याच पट्ट्यावर त्यांच्या सुनेची परीक्षा होती.

सून बाहेर, जाळीच्या पलीकडे, पांढऱ्या गाडीत बसून सगळं पाहत होती. रक्तपेढीची गाडी चालवायची नोकरी तिला मिळाली होती, म्हणजे मिळाल्यात जमा होती. रक्ताच्या पिशव्या दवाखान्या-दवाखान्यांत पोचवायच्या, कुणाचं तरी ऑपरेशन आपल्यावाचून अडलेलं असणार, या विचारानेच ती गेले कित्येक दिवस तरंगत होती. लग्नाआधी ती एका दुकानात कापड मोजायची, लग्नानंतर घर आणि बाळ. आपलं म्हणावं असं हे पहिलंच काम तिच्या वाट्याला येत होतं. पेढीने सांगितलं होतं, आठवड्याच्या आत परवाना आणून दाखवा, नाहीतर दुसरी बाई तयार आहे. आणि परीक्षेची पुढची तारीख मिळायची म्हणजे महिनाभर वाट पाहायची. उद्या पास, नाहीतर नोकरी गेली, इतका साधा हिशोब होता. तिला गाडी शिकवली होती ती तिच्या सासूने, याच पांढऱ्या गाडीवर, बिल्ला खिडकीकडे करून.

मावशी येऊन शेजारी धपकन बसल्या.

"आई," सून हळूच म्हणाली, "वाऱ्याने पडले ना?"

"वाऱ्याने पडायला ते काय कपडे आहेत वाळत घातलेले?" मावशी कडाडल्या. मग एकदम त्यांचा आवाज उतरला. "माझ्या हातांनी पडले गं. हात आपोआप खिडकीकडे वळले. त्यांची गाडी सरळ आहे. वाकडी आपली आहे, आणि तिच्यापायी मी. आणि माझ्यापायी ते तिघं, आणि उद्या तू."

सुनेने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मावशींनी मात्र मांडीवर थाप मारली.

"रडायला रात्र आहे. चल, गाडी काढ. मिलीमीटरकडे!"

मिलीमीटर म्हणजे जुन्या बाजारामागचा अलाइनमेंटवाला. लांबट चेहऱ्याचा, किडकिडीत, स्वतःवर बेहद्द खूश असलेला माणूस. "मी एका मिलीमीटरचाही फरक सोडत नाही," हे तो दिवसातून इतक्यांदा म्हणायचा की बायकोसुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारते असं लोक सांगत. मावशी त्याच्याकडे आजवर गेल्या नव्हत्या, कारण दोघांच्याही तोंडाला विश्रांती माहीत नसल्यामुळे एका छताखाली दोघं मावणार नाहीत असं त्यांना वाटायचं. पण आता गरज त्यांना होती.

गॅरेज म्हणजे एक उंच पत्र्याची शेड. मध्ये गाडी उचलणारा जॅक, कोपऱ्यात जुन्या टायरांची चळत, भिंतीवर लहानमोठे पाने ओळीने टांगलेले, आणि फाटकापाशी नळाखाली नुकतीच कुणाची तरी गाडी धुतलेली, त्यामुळे फरशीवर पाण्याचं थारोळं.

"हात सोडला की गाडी कुठे ओढते?" मिलीमीटरने पहिलाच प्रश्न टाकला.

"कुठेच नाही. नाकासमोर जाते. बिल्ला तेवढा खिडकीकडे."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? रोज शेजारी बसते मी तिच्या! नवऱ्याजवळ बसले नसेन एवढी."

"मग हवा कमी-जास्त नाही आणि ब्रेकही धरत नाही," तो बोटं मोडत म्हणाला. "गाडी एका अंगाला ओढत असती तर तिकडे शोधलं असतं. ओढत नाही, पण स्टिअरिंग वाकडं. हे दुखणं वेगळं." तरीही त्याने चारी टायरांची हवा तपासलीच. स्वतःच्या तोंडच्या शब्दावरही विश्वास न ठेवणं हा त्याचा एक चांगला गुण होता.

"हे बघ, मला दुखण्याचं नाव नको," मावशी म्हणाल्या. "स्टिअरिंग काढ, बिल्ला सरळ कर, परत बसव. उद्या हिची परीक्षा आहे."

मिलीमीटरने पाना खाली ठेवला. "मान अवघडली म्हणून टोपी फिरवून घालणार का, मावशी? बिल्ला सरळ दिसेल, गाडी वाकडीच चालेल. वर वळण संपल्यावर इंडिकेटर आपोआप बंद होतो ना, तो एका बाजूला आधीच बंद होईल आणि दुसऱ्या बाजूला होणारच नाही. मग वर्षभराने तुम्ही त्याचाही धडा कराल."

सुनेला हसू आलं. ते तिने पदराने तोंड पुसल्यासारखं करून लपवलं. मावशींनी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

पुढच्या चाकांना त्याने आरशासारख्या तबकड्या अडकवल्या. भिंतीवरच्या पडद्यावर आकडे उमटले, थोडे थरथरले आणि स्थिर झाले. हिरवे. डावं चाक हिरवं, उजवं चाक हिरवं.

"बघ!" मावशी उसळल्या. "सगळे हेच दाखवतात! सगळं हिरवं, मावशी, घरी जा! आणि फाटकाबाहेर पडलं की पुन्हा तेच!"

मिलीमीटरच्या चेहऱ्यावरचा तजेला पहिल्यांदाच जरा उतरला. तो पडद्याकडे बघत राहिला, मग गाडीभोवती फिरला, मग पुन्हा पडद्याकडे. शेवटी म्हणाला, "जरा एक चक्कर मारून आणा बघू. मी बाहेरून बघतो."

तबकड्या काढून सुनेने गाडी सुरू केली, फाटकापाशी नेली, पाण्याच्या थारोळ्यातून पलीकडच्या कोरड्या फरशीवर आली, आणि मावशी जिवाच्या आकांताने ओरडल्या, "थांब! थांब! जागची हलू नकोस!"

सुनेने इतक्या जोरात ब्रेक दाबला की गाडी बंद पडली. कुणी चाकाखाली आलं की काय! ती धावत उतरली. मावशी मात्र फरशीवर उकिडव्या बसून ओल्या चाकांच्या ठशांकडे बोट दाखवत होत्या. पुढची चाकं जिथून जातात तिथूनच मागची गेली पाहिजेत, ठशावर ठसा. इथे तसं नव्हतं. दोन्ही बाजूंना जोडठसे उमटले होते. मागच्या चाकांचे ठसे पुढच्यांना सोडून, खिडकीच्या बाजूला सरकून चालले होते.

"म्हणजे आपली गाडी तिरकी चालते?" सुनेने विचारलं.

"खेकडा!" मिलीमीटर आनंदाने नाचलाच. "तुमच्या गाडीचा खेकडा झालाय, मावशी! तोंड एकीकडे, चाल दुसरीकडे! दुखणं पुढे नाहीच, मागे आहे! आणि सगळे जण पुढच्याच चाकांना औषध पाजत बसले!"

"तूसुद्धा आत्ता तेच केलंस!"

"मीसुद्धा!" तो तेवढ्याच आनंदाने म्हणाला. "चढवा गाडी वर!"

आता तिघांनाही दम धरवेना. गाडी वर गेली, तबकड्या मागच्या चाकांवर चढल्या, आणि पडद्यावर लालभडक आकडे उमटले. मिलीमीटर विजेरी घेऊन खाली शिरला. मागची दोन्ही चाकं ज्या आडव्या दांड्यावर असतात तो डाव्या टोकाला पुढे सरकला होता. दांडा ज्या रबरी बुशांवर बसतो त्यातला उजवा ठीक होता, डावा चेपून पार चपटा झाला होता. त्यामुळे मागची चाकं गाडीला सतत तिरकं ढकलत होती, आणि ते तिरकं चालणं सावरायला पुढचं स्टिअरिंग खिडकीकडे धरावं लागत होतं. एवढंच ते कोडं.

"हे एका दणक्याचं काम नव्हे," खालून आवाज आला. "कुणीतरी रोज, थोडं थोडं, मागून फक्त डाव्याच चाकाला ढकलतंय. कुठे आपटता हो गाडी?"

"आपटत नाही मी!" मावशी भडकल्या. "माझी गाडी आजवर कुठेही..."

त्या वाक्य पुरं न करता थांबल्या. मागच्या डाव्या टायरच्या कडेवर सिमेंटची पांढुरकी भुकटी बसली होती. मावशींनी तिच्यावरून बोट फिरवलं, बोट डोळ्यांसमोर धरलं, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"टेकला की थांब," त्या पुटपुटल्या.

सुनेला लगेच कळलं, कारण तीही त्याच वाटेने गेली होती. शिकवायच्या मैदानाच्या टोकाला सिमेंटचा एक ठेंगणा कट्टा होता. गाडी मागे घ्यायला नवशिक्या माणसाचे हातपाय गळतात, म्हणून मावशींनी स्वतःची युक्ती काढली होती. मागे बघून घाबरायचं नाही, सावकाश मागे यायचं, चाक कट्ट्याला टेकलं की थांबायचं. "टेकला की थांब!" त्या युक्तीने किती भित्री माणसं धीट झाली! मावशींना तिचा केवढा अभिमान! पण कट्ट्याचा अर्धा भाग कधीच फुटून गेला होता. उरलेल्या अर्ध्याला टेकायचं ते फक्त डावंच चाक. इतकी वर्षं, इतकी माणसं, रोज तोच डावा धक्का.

मावशींना लाज वाटली, हे खरं. पण लाजेपेक्षाही मोठं काहीतरी त्यांच्या छातीत उसळलं आणि त्या मोठमोठ्याने हसायला लागल्या. इतक्या वर्षांचं कोडं सुटलं होतं! "अगं, मीच! मीच वाकडी केली तिला! रोज शिकवून शिकवून!" सून हसायला लागली, मिलीमीटर गाडीखालून हसायला लागला, आणि त्याचं डोकं सायलेन्सरवर आपटलं.

दुपार उतरेपर्यंत त्याने नवे बुश बसवले, दांडा जागेवर आणला, मागचे आकडे हिरवे झाल्यावरच पुढे आला. स्टिअरिंग मधोमध धरून ठेवायला त्याने सीटला टेकवून एक दांडी अडकवली आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या सळ्या सारख्या फिरवून नव्याने सगळं जुळवलं. मग मावशी स्वतः गाडी घेऊन निघाल्या. रस्ता सरळ, गाडी सरळ, आणि बिल्ला समोर! त्या वाटेत भेटेल त्याला काच खाली करून सांगत सुटल्या, "सरळ आहे बघ! सरळ!" लोकांना काही कळलं नाही, पण मावशी खूश आहेत हे बघून त्यांनीही हात हलवले.

आनंद टिकला तो सून चालवायला बसेपर्यंत. गाडी सरळ झाली होती, सुनेचे हात झाले नव्हते. तिने गाडी हाकली ती उजवीकडेच. सावरली, पुन्हा उजवीकडे. मावशी शेजारून "समोर! बिल्ला समोर!" ओरडत होत्या, पण घाईत जिभेवर जुनंच येई, "बिल्ला खिडक... नाही! समोर!" आणि मग दोघीही गोंधळायच्या. अंधार पडायच्या सुमाराला सुनेने गाडी कडेला लावली आणि डोळ्यांना पदर लावला.

"गाडी बरी झाली, आई. आता आजारी आपण."

मावशींना धड जेवण गेलं नाही. मुलाने विचारलं तर त्यालाही फटकारलं.

सकाळी उजाडताच दोघी मैदानावर. पुन्हा तेच. गाडी निघायची, जरा अंतर जायची आणि उजवीकडे झुकायची. परीक्षा दुपारी. मावशींच्या नाकी नऊ आले. सून अखेर स्टिअरिंगवरचे हात काढून म्हणाली, "आई, रागावू नका. तुम्ही जरा उतरता का?"

"मी? मी उतरू?"

"तुमची मान खिडकीकडे झुकते. ती झुकली की माझे हात आपोआप झुकतात."

इतकी वर्षं शिकवलं, आणि कालची पोर म्हणते उतरा! मावशी उतरल्या, दार धाडकन लावलं आणि रागारागाने मैदानाच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या. तिथून चांगलं ऐकवायचं म्हणून वळल्या, आणि वळल्या तशा उभ्याच राहिल्या. गाडी येत होती. सरळ येत होती. ओढल्या दोऱ्यासारखी, मैदानाच्या त्या टोकापासून थेट त्यांच्याकडे. ना डावीकडे, ना उजवीकडे. त्यांच्या पुढ्यात काही पावलांवर ती अलगद थांबली.

"कुठे बघत होतीस तू?" मावशींनी धापा टाकत विचारलं. धावली होती गाडी, पण दम त्यांना लागला होता.

"तुमच्याकडे," सून घाबरत म्हणाली. "फारच भडकलात का ते बघत होते."

मावशींनी तिला पुन्हा मागे पाठवलं. पुन्हा उभ्या राहिल्या. पुन्हा सरळ! परत पाठवलं, परत सरळ! बिल्ल्याकडे बघायला सुनेला फुरसतच नव्हती, ती सासूच्या तोंडाकडे बघत होती, आणि हात आपलं काम बिनबोभाट करत होते. मावशींना मैदानात एकटीलाच नाचावंसं वाटलं. त्या जरा नाचल्याही, आणि तेवढ्यापुरती गाडीही डुलली.

दुपारी कचेरीच्या आवारात सुनेचा पुकारा झाला. साहेब गाडीत बसले. मावशी बाकावरून उठल्या आणि जाळीच्या कडेकडेने सरळ पट्ट्याच्या टोकाला, तारेपलीकडे, जाऊन उभ्या राहिल्या. रखवालदार धावत आला.

"बाई, इथे उभं राहता येणार नाही. बाकावर बसा."

"परवाना आहे का तुझ्याकडे?"

"कसला?"

"गाडीचा."

"नाही."

"मग उद्यापासून सकाळी ये माझ्याकडे. आणि आता गप्प उभा राहा."

तो गप्प उभा राहिला. का, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

गाडी पट्ट्याच्या तोंडाशी आली. काचेमागे सुनेचा चेहरा दिसत होता, इवलासा, घामेजलेला, आणि तिचे डोळे मावशींवर. मावशी ताठ उभ्या. हसावं की नाही? हसलं तर तिला चुकल्यासारखं वाटेल, न हसलं तर भडकल्यासारखं. त्यांनी चेहरा तसाच ठेवला आणि श्वास कोंडून धरला. पहिला शंकू मागे गेला. दुसरा मागे गेला. उजवीकडची ओळ, जिने बेकरीवाल्याच्या बायकोला, पोस्टमास्तरांना, दंतवैद्याला आणि खुद्द मावशींना रडवलं होतं, ती एक एक करून उभीच्या उभी मागे सरली. गाडी रेषेवर थांबली.

मग गाडी मागे घ्यायची होती, आणि मागे होता पिवळ्या रंगाचा कट्टा. मावशी तारेला चिकटल्या. टेकवू नकोस, माझे आई, टेकवू नकोस! ओरडायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी रखवालदाराचा दंड आवळून धरला. गाडी मागे, मागे, अजून मागे गेली, आणि कट्ट्याच्या वीतभर अलीकडे थांबली. रखवालदाराने दंड सोडवून घेतला.

साहेब उतरले. "पास," ते म्हणाले, आणि सुनेने पहिलं काय केलं असेल तर तारेकडे धावत येऊन तारेतूनच मावशींचे हात घट्ट धरले. दोघींच्याही डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "मिळाली गं नोकरी!" मावशी म्हणाल्या, "मिळाली तुला!" आणि मग साहेबांकडे बघून, स्वतःलाही नकळत, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आणि मी?"

साहेबांना आधी कळलं नाही. मग कळलं. कालचे आडवे झालेले शंकू, बाकावर बसून बघणारे उमेदवार, आणि मावशींचं मिटलेलं तोंड त्यांना आठवलं असावं. पुढचा उमेदवार अजून आला नव्हता. त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून धरलं.

"या, बसा."

मावशी बसल्या. ज्या हातांनी शहराला गाडी शिकवली ते त्यांनी स्टिअरिंगवर ठेवले. बाकावरची माणसं उठून उभी राहिली. "साहेब," त्या म्हणाल्या, "मी काही बोलणार नाही हं, तुम्हीही बोलू नका." त्यांनी क्लच दाबला आणि मान वर केली.

पट्ट्याच्या टोकाला, तारेपलीकडे, त्या मघाशी उभ्या होत्या तिथे, सून जाऊन उभी राहिली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. रखवालदार तिला काहीतरी म्हणत होता, आणि ती त्याच्याकडे बघतही नव्हती. पदर खोचून, हात बांधून, ती सरळ सासूकडे बघत होती.

मावशींनी क्लच सोडला. शंकू बाजूने गेले की नाही हे त्यांनी पाहिलंच नाही. सुनेचा चेहरा मोठा होत होत अगदी समोर आला तेव्हा त्यांनी गाडी थांबवली, आणि मागे वळून बघितलं तर सगळे शंकू जागच्या जागी उभे होते.